औषधजन्य पुरुषस्तनवृद्धी : एका आनुषंगिक परिणामाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात औषधांच्या गुणांची जितक्या आस्थेने नोंद झालेली आढळते, तितक्या आस्थेने त्यांच्या अनिष्ट परिणामांची झालेली आढळत नाही. संशोधकांची चरित्रे लिहिली जातात, त्यांना पारितोषिके मिळतात. परंतु त्याच औषधाने रोग्याच्या देहात आणखी काय घडविले, ह्याची वार्ता मात्र वैद्यकीय नियतकालिकांतील चार ओळींच्या पत्रांत दडून राहते. औषधांमुळे पुरुषांच्या स्तनांची होणारी वाढ हा असाच एक उपेक्षित विषय होय. ह्या वाढीने सहसा जीवाला धोका पोहोचत नाही, म्हणून वैद्यांना ती क्षुल्लक वाटत आली. आणि ती लज्जास्पद मानली गेल्यामुळे रोगी तिच्याविषयी मौन पाळीत आला. तथापि गेल्या शंभर वर्षांतील हॉर्मोन-विज्ञानाचा इतिहास ह्या एकाच लक्षणाच्या अनुरोधाने तपासला असता दोन गोष्टी दिसून येतात. पहिली ही, की शरीरातील हॉर्मोन-व्यवस्थेचा एकेक दुवा कोणत्या ना कोणत्या औषधाच्या ह्या परिणामातून रोग्याच्या देहावर दृश्य झालेला आहे. दुसरी ही, की ‘परिणाम’ आणि ‘आनुषंगिक परिणाम’ ह्यांमधील भेद औषधाच्या रसायनात नसून, ते कोणी, कोणास, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने दिले ह्यात आहे. प्रस्तुत निबंधात ह्या दोन विधानांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

१. प्राचीन निर्देश

ह्या विकाराचे पाश्चात्य वैद्यकातील ‘गायनेकोमास्टिया’ हे नाव स्त्री आणि स्तन ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेले असून ते दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन ह्याच्याकडून आल्याचे मानले जाते. सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना ह्याने त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. स्तनाच्या खाली चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यावा, आतील मेद काढून टाकावा आणि टाके घालून जखम बंद करावी, असे तो सांगतो. ह्या वर्णनात लक्षात घेण्याजोगा भाग म्हणजे शस्त्रक्रियेचे त्याने दिलेले कारण. वेदना किंवा रोगभय हे ते कारण नव्हे. पुरुषावर बायकीपणाचा ठपका येतो, म्हणून शस्त्रक्रिया करणे उचित, असे त्याचे म्हणणे आहे. सारांश, ह्या विकाराचा सामाजिक अर्थ त्याच्या शारीरिक कारणाच्या कितीतरी आधी निश्चित झाला होता. कारण कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. अर्थ मात्र तोवर फारसा बदलला नाही.

२. अंतःस्रावांचा शोध

इ.स. १८४९ मध्ये गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड ह्याने कोंबड्याचे वृषण काढून ते त्याच्याच उदरपोकळीत बसविले आणि तुरा, आरव व झुंजार वृत्ती ही नराची लक्षणे त्यामुळे टिकून राहतात असे दाखविले. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार ह्या बहात्तर वर्षांच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचा दावा केला. तो दावा टिकला नाही. परंतु ग्रंथींच्या अर्कांनी उपचार करण्याची कल्पना रूढ झाली. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग ह्याने ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रचारात आणला. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट ह्यांनी स्वतंत्रपणे ईस्ट्रोन हे स्त्रीमदजन शुद्ध स्वरूपात मिळविले. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे अर्न्स्ट लाकर ह्याच्या गटाने बैलांच्या सुमारे १०० किलोग्रॅम वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन वेगळे केले, आणि त्याच वर्षी बुटेनान्ट व लिओपोल्ड रुझिच्का ह्यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

ह्या काळात एक सोपी समजूत प्रचलित होती. स्त्रीचे हॉर्मोन स्त्रीत, पुरुषाचे पुरुषात, आणि दोहोंचा परस्परांशी विरोध, अशी ती समजूत होय. तिला पहिले तडे लवकरच गेले. १९३७ मध्ये ऑयगेन श्टायनाख आणि हाइनरिख कून ह्यांनी असे निरीक्षण प्रसिद्ध केले, की पुरुषांस पौरुषजन हॉर्मोन दिले असता त्यांच्या मूत्रात स्त्रीमदजन क्रियेचे द्रव्य वाढते. पुरुषाचे शरीर पौरुषजनाचे रूपांतर स्त्रीमदजनात करू शकते, असा त्याचा अर्थ होता. हे रूपांतर घडविणाऱ्या एंझाइमास आज ॲरोमॅटेज म्हणतात. मेद, यकृत, त्वचा व अन्य ऊतकांत ते आढळते.

पुरुषाच्या स्तनातही जन्मतः थोडे ग्रंथिल ऊतक असते. स्त्रीमदजनाने त्यातील नलिका वाढतात आणि पौरुषजनाने त्या वाढीस आळा बसतो. म्हणून वाढ होणे वा न होणे हे कोणत्याही एका हॉर्मोनाच्या निव्वळ मात्रेवर अवलंबून नसून दोहोंच्या प्रमाणावर अवलंबून असते. नवजात अर्भक, वयात येणारा मुलगा आणि वृद्ध पुरुष ह्या तीन अवस्थांत हे प्रमाण स्वभावतःच ढळते, व त्यामुळे स्तनांची वाढ औषधावाचूनही दिसते. औषधे हेच प्रमाण निरनिराळ्या वाटांनी ढळवितात. स्त्रीमदजन बाहेरून पुरविणे, पौरुषजनाची निर्मिती रोखणे, त्याच्या ग्राहीवर अडथळा आणणे, त्याचे रूपांतर वाढविणे आणि पोष ग्रंथीकडून वृषणास मिळणारी चेतना कमी करणे, अशा त्या वाटा होत. ह्या वाटा एकामागून एक कशा उघडकीस आल्या, हाच पुढील इतिहासाचा गाभा आहे.

३. स्टिल्बेस्ट्रॉल : औषध, कारखाना व रुग्णालय

नैसर्गिक स्त्रीमदजने दुर्मिळ, महाग आणि तोंडाने घेतल्यास बव्हंशी निष्प्रभ अशी होती. १९३८ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाशी संलग्न संस्थेतील चार्ल्स डॉड्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायएथिल्स्टिल्बेस्ट्रॉल ह्या संश्लेषित द्रव्याची घोषणा केली. ते स्वस्त होते, तोंडावाटे देता येत होते आणि प्रभावी होते. त्यावर एकाधिकार घेण्यात आला नाही. परिणामतः अनेक कंपन्यांनी त्याचे उत्पादन सुरू केले.

ह्या द्रव्याचा पुरुषस्तनावरील परिणाम केवळ रोग्यांतच नव्हे, तर ते तयार करणाऱ्या कामगारांतही दिसून आला. १९४४ मध्ये ब्रिटनमधील औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात स्टिल्बेस्ट्रॉलच्या कामगारांतील स्तनवृद्धीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील रोग्याने औषध निदान स्वतःसाठी घेतलेले असते. ह्या कामगारांनी ते घेतलेलेच नव्हते. हाताळणीतून व धुळीतून ते त्यांच्या शरीरात गेले होते. औषधाच्या परिणामाची व्याप्ती औषध घेणाऱ्यापुरती मर्यादित नसते, ही गोष्ट येथे प्रथमच ठसठशीतपणे पुढे आली असे म्हणता येईल.

रुग्णालयातील वापरास चालना मिळाली ती शिकागो येथील चार्ल्स हगिन्स ह्यांच्या कार्याने. १९४१ मध्ये हगिन्स व क्लॅरन्स हॉजेस ह्यांनी दाखविले, की पसरलेला अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग पौरुषजनावर पोसला जातो. वृषणे काढली असता अथवा स्त्रीमदजन दिले असता तो मागे हटतो. ह्या कार्याबद्दल हगिन्स ह्यांस १९६६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्या रोग्यांत स्तन वाढणे व दुखणे ही नित्याची बाब झाली. मरणाच्या दारातील मनुष्यास त्याचे काय, असा वैद्यांचा सूर होता, आणि त्यात तथ्यही होते. पण औषधाचा खरा धोका स्तनात नसून हृदयात निघाला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० पासून चालविलेल्या सामूहिक अभ्यासातून १९६७ मध्ये असे निष्पन्न झाले, की रोज ५ मिलिग्रॅम स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढतात. दिसणाऱ्या परिणामाकडे क्षुल्लक म्हणून दुर्लक्ष झाले होते. न दिसणारा परिणाम ध्यानात येण्यास मात्र पाव शतक लोटले.

४. इ.स. १९५२ : दोन प्रकरणे

औषध एकच असता त्याचा अर्थ किती भिन्न होऊ शकतो, ह्याचे उदाहरण म्हणून १९५२ ह्या एकाच वर्षातील दोन घटना पाहता येतील.

ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात स्त्रीमदजनाने कामेच्छा मंदावते ह्या आधारावर ‘लैंगिक अपराध्यां’वर त्याचा प्रयोग होऊ लागला होता. ब्रिस्टल येथील गोला व हॉज ह्यांचा ह्या विषयावरील लेख १९४९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आला. त्याच मार्गाचा अवलंब गणिती ॲलन ट्यूरिंग ह्यांच्याबाबतीत झाला. दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधावरून १८८५ च्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. ३१ मार्च १९५२ रोजी त्यांस कारावासाऐवजी परिवीक्षा देण्यात आली, ती मँचेस्टर येथील रुग्णालयात हॉर्मोन-उपचार घेण्याच्या अटीवर. हा उपचार सुमारे एक वर्ष चालला आणि त्यांच्या स्तनांची वाढ झाली. त्याच १९५२ मध्ये रासायनिक द्रव्यांच्या प्रसरणातून सजीवांचे आकार कसे उत्पन्न होतात, ह्याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध रॉयल सोसायटीने छापला, हा योगायोग इतिहासकाराने नोंदवून ठेवावा असा आहे. ७ जून १९५४ रोजी ट्यूरिंग ह्यांचा मृत्यू झाला. २०१३ च्या डिसेंबरात त्यांस मरणोत्तर राजक्षमा देण्यात आली. त्यांनी उपचारास संमती दिली होती, हे खरे. परंतु कारावास आणि औषध ह्यांतून एक निवडावयाचे असता दिलेल्या संमतीस संमती म्हणावे काय, हा प्रश्न राजक्षमेने सुटत नाही.

ह्याच सुमारास कोपनहेगन येथे क्रिस्टिअन हॅम्बुर्गर हे अमेरिकेतून आलेल्या क्रिस्टीन जॉर्गेन्सन ह्यांच्यावर स्त्रीमदजनाचे उपचार करीत होते. डिसेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने ती वार्ता पहिल्या पानावर छापली. येथे देहातील बदल हा उपचाराचा हेतूच होता. तो मागितलेला होता आणि जॉर्गेन्सन ह्यांस तो आपल्या स्त्रीत्वाची पूर्तता वाटला. एका देहात जो बदल शिक्षा ठरला, तोच दुसऱ्या देहात मुक्तता ठरला. औषधशास्त्राच्या कोणत्याही कोष्टकात हा भेद सापडणार नाही. म्हणूनच अनिष्ट परिणामांच्या इतिहासात कर्त्याइतकाच रोग्याचा हेतूही पुरावा म्हणून ग्राह्य धरावा लागतो.

५. कारणमीमांसेतील अडचण

१९४० व १९५० च्या दशकांत स्तनवृद्धी घडविणाऱ्या औषधांची यादी झपाट्याने वाढू लागली. परंतु औषधानंतर घडले म्हणून औषधामुळे घडले, हे अनुमान किती जपून करावे लागते, ह्याचा धडाही त्याच काळाने दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांत स्तनवृद्धी आढळली. क्लॅटस्किन, सॉल्टर व हम ह्यांचा तत्संबंधी वृत्तांत १९४७ चा आहे. ह्या कैद्यांनी कोणतेही हॉर्मोन घेतलेले नव्हते. उपासमारीत पोष ग्रंथी व वृषण ह्यांचे कार्य मंदावते. अन्न पुन्हा मिळू लागताच ते जागे होते आणि शरीर जणू दुसऱ्यांदा वयात येते. त्या संक्रमणात पौरुषजन व स्त्रीमदजन ह्यांचे प्रमाण काही काळ ढळते. म्हणजे येथे वाढीस कारण झाले ते औषध नव्हे, तर प्रकृतीची सुधारणा.

ह्या निरीक्षणाचा प्रकाश इतर प्रकरणांवर पाडून पाहणे अगत्याचे आहे. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध १९५२ मध्ये उपयोगात आले आणि त्याच दशकात त्याच्या उपचाराच्या काळात स्तनवृद्धी झाल्याचे वृत्तांत येऊ लागले. क्षयाचा रोगी बहुधा खंगलेला असतो. औषधाने तो बरा होऊ लागतो, त्यास भूक लागते व त्याचे वजन वाढते. तेव्हा वाढ औषधाने झाली की औषधामुळे सुधारलेल्या पोषणाने, हे एकेका रोग्यावरून ठरविणे कठीण होते. डिजिटॅलिसची कथा ह्याहून बोलकी आहे. विल्यम विदरिंग ह्यांनी १७८५ मध्ये ह्या वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे वैद्य हे औषध देत आले. परंतु त्याच्या उपचारातील स्तनवृद्धीकडे लक्ष वेधणारा लेविन ह्यांचा लेख निघाला तो १९५३ मध्ये. डिजिटॅलिसमधील द्रव्यांची रचना स्टेरॉइडांशी मिळतीजुळती असल्याने त्यांस स्त्रीमदजनाची क्रिया असावी, असा तर्क करण्यात आला. पण हे औषध ज्यांना दिले जाते ते बहुधा वृद्ध, हृदयविकाराने यकृत सुजलेले आणि दीर्घ आजाराने कृश झालेले पुरुष असतात. ह्या तिन्ही अवस्था स्वतंत्रपणे स्तनवृद्धीस अनुकूल आहेत. तर्क आकर्षक होता. त्याची सिद्धता मात्र डळमळीत राहिली.

ह्या सर्व चर्चेस मोजमापाचा आधार मिळाला तो फार पुढे. १९७९ मध्ये फ्रँक नटॉल ह्यांनी ३०६ निरोगी प्रौढ पुरुषांची तपासणी केली असता त्यांपैकी ३६ टक्क्यांत हातास लागेल इतके स्तनऊतक आढळले. जी गोष्ट निरोगी माणसांत तिघांमागे एकाहून अधिक जणांत सापडते, ती औषध घेणाऱ्या एखाद्या रोग्यात सापडली म्हणून औषधास दोष देणे कितपत योग्य, असा प्रश्न ह्या आकड्याने उपस्थित केला. तो आजही प्रत्येक वृत्तांतास विचारावा लागतो.

६. सर्पगंधेपासून प्रोलॅक्टिनपर्यंत

ह्या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. सर्पगंधेचा भारतीय वैद्यकातील उपयोग जुना. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी मनोविकार आणि रक्तदाब ह्यांवरील तिच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. तथापि पाश्चात्य जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांच्या १९४९ मधील लेखामुळे. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मधील त्या लेखात त्यांनी अतिरक्तदाबावरील सर्पगंधेच्या चिकित्सेचे निष्कर्ष दिले होते. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तीतून रेसर्पिन हे क्रियाशील द्रव्य वेगळे केले. डॉ. वकील ह्यांस १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच १९५२ मध्ये पॅरिस येथे दले व दनिकेर ह्यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांस देण्यास आरंभ केला.

ह्या दोन्ही औषधांच्या उपचारात काही स्त्रियांत अवेळी दूध येणे आणि काही पुरुषांत स्तनवृद्धी होणे असे परिणाम आढळले. ह्या औषधांत स्त्रीमदजनाची क्रिया नव्हती, आणि ती पौरुषजनाच्या ग्राहीवरही आघात करीत नव्हती. मग हे घडले कसे? उत्तर मेंदूत सापडले. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य पोष ग्रंथीतील प्रोलॅक्टिन ह्या हॉर्मोनाच्या स्रावास सतत लगाम घालीत असते. रेसर्पिन डोपामिनाचे साठे रिते करते. क्लोरप्रोमाझिन त्याचे ग्राही अडविते. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढते, वाढलेले प्रोलॅक्टिन वृषणास चेतना देणाऱ्या हॉर्मोनांना दाबते, पौरुषजन घटते आणि प्रमाण ढळते. विशेष हे, की मानवी प्रोलॅक्टिनाचे वृद्धिहॉर्मोनाहून वेगळे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध झाले ते १९७० व १९७१ ह्या वर्षांत. म्हणजे औषधाचा परिणाम रोग्याच्या देहावर दिसू लागल्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी त्याचे कारण हाती आले.

ह्याच साखळीचे उत्तरकालीन टोक म्हणजे रिस्पेरिडोन. १९९३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध प्रोलॅक्टिन ठळकपणे वाढविते. ते बालकांना व किशोरांनाही देण्यात येऊ लागल्यावर, स्तन वाढलेल्या मुलांच्या वतीने अमेरिकेत हजारो दावे दाखल झाले. २०१३ मध्ये रिस्पेरिडोनसह काही औषधांच्या अमान्य उपयोगासाठी केलेल्या प्रचारावरून उत्पादक कंपनीने अमेरिकी शासनास २.२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्याची तडजोड केली. २०१९ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फिया येथील ज्यूरीने एका दाव्यात ८ अब्ज डॉलरांचा दंड ठोठावला. जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो ६८ लाख डॉलरांवर आणला. दंडाच्या रकमेविषयी मतभेद संभवतात. परंतु ज्या परिणामास एके काळी क्षुल्लक समजले जाई, तो किशोराच्या आयुष्यात किती मोठा असतो, ह्याची नोंद अखेर न्यायालयाच्या दप्तरात झाली.

७. ग्राही, एंझाइमे आणि नव्या औषधांची रचना

१९५९ मध्ये उपयोगात आलेले स्पायरोनोलॅक्टोन हे मूत्रल औषध अधिवृक्क ग्रंथीच्या आल्डोस्टेरोन ह्या हॉर्मोनास विरोध करते. त्याने स्तनवृद्धी होते असे वृत्तांत १९६० च्या दशकाच्या आरंभीच येऊ लागले. पुढील संशोधनात आढळले, की ते पौरुषजनाच्या ग्राहीवरही ठाण मांडते आणि टेस्टोस्टेरोनाच्या निर्मितीत व विल्हेवाटीत ढवळाढवळ करते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ ह्या चाचणीत तीव्र हृदयदौर्बल्याचे १,६६३ रोगी होते. स्पायरोनोलॅक्टोनाने त्यांच्यातील मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला; मात्र हे औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांत स्तनवृद्धी वा स्तनवेदना दिसली, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होते. येथे लाभ व हानी एका तराजूत, एकाच चाचणीत तोलली गेली. २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एप्लेरेनोन हे आल्डोस्टेरोनाच्या ग्राहीपुरतेच मर्यादित राहील, अशा रीतीने निवडले गेले होते. २००३ च्या मोठ्या चाचणीत त्याने स्तनवृद्धी वाढल्याचे दिसले नाही. आनुषंगिक परिणामाच्या अभ्यासाने औषधाची रचना सुधारली, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

जठरव्रणावरील सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आले. जेम्स ब्लॅक ह्यांच्या ह्या औषधाने जठरव्रणाच्या शस्त्रक्रियांची गरज फार मोठ्या प्रमाणावर घटविली. परंतु मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ घेणाऱ्यांत स्तनवृद्धी दिसली आणि ते पौरुषजनाच्या ग्राहीस चिकटते असे आढळून आले. त्यानंतरच्या रॅनिटिडीनमध्ये हा दोष फारच कमी होता.

कवकविरोधी कीटोकोनाझोलची कथा उलट दिशेने जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याने स्तनवृद्धी होते असे दिसल्यावर ते टेस्टोस्टेरोनाच्या निर्मितीतील एंझाइमे रोखते हे कळले. आणि लगेच, १९८३ च्या सुमारास, त्याच गुणासाठी ते अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावर वापरून पाहण्यात आले. कालचा दोष आजचा गुण ठरला. ‘आनुषंगिक’ हे विशेषण औषधाचे नसून वैद्याच्या हेतूचे आहे, हे ह्याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

ॲनाबोलिक स्टेरॉइडांनी १९३७ च्या निरीक्षणाची पुन्हा साक्ष दिली. १९५८ मध्ये अमेरिकेत आलेल्या डायनाबोलसारखी द्रव्ये भारोत्तोलकांत व पुढे शरीरसौष्ठवाच्या क्षेत्रात पसरली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून त्यांची तपासणी होऊ लागली. अधिक पौरुषासाठी घेतलेल्या ह्या द्रव्यांपैकी अनेकांचे ॲरोमॅटेजमुळे स्त्रीमदजनात रूपांतर होते, आणि बाहेरून द्रव्य मिळत असल्याने वृषण आपले काम थांबविते. द्रव्य बंद केल्यावर पौरुषजन घटलेले राहते, तर वाढीची प्रेरणा लगेच सरत नाही.

अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावरील नव्या औषधांनीही हा प्रश्न मिटविला नाही. त्याने वेगळे रूप घेतले. १९९५ मध्ये मान्यता मिळालेले बायकॅल्युटामाइड पौरुषजनाच्या ग्राहीस अडविते. रक्तातील टेस्टोस्टेरोन त्याने घटत नाही, उलट वाढते, आणि त्याचा काही भाग स्त्रीमदजनात बदलतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत हे एकच औषध घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांत स्तनवृद्धी झाली. सोबत ॲरोमॅटेजरोधक ॲनास्ट्रोझोल दिले असता ५१ टक्क्यांत, आणि टॅमॉक्सिफेन दिले असता अवघ्या १० टक्क्यांत ती दिसली. स्त्रीमदजनाच्या ग्राहीस स्तनातच अडविणे हे त्याची निर्मिती रोखण्याहून अधिक परिणामकारक ठरले. स्त्रियांच्या स्तनकर्करोगावरील औषध पुरुषाच्या कर्करोगावरील औषधाचा दोष निवारते. स्त्रीचे हॉर्मोन व पुरुषाचे हॉर्मोन ह्या जुन्या द्वैताचा असा शेवट झाला.

८. पुराव्याची चाळणी आणि रोग्याचे मौन

थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर अनिष्ट परिणामांची नोंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनने १९६४ मध्ये त्यासाठी पिवळ्या पत्रांची योजना सुरू केली. भारतात औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये आरंभिला गेला. ह्या नोंदींमुळे स्तनवृद्धीशी नाव जोडलेल्या औषधांची यादी लांबलचक झाली. २०१२ मध्ये दीपिंदर व ब्राउनस्टाईन ह्यांनी ह्या यादीची चाळणी केली, तेव्हा स्पायरोनोलॅक्टोन, सिमेटिडीन, कीटोकोनाझोल, स्त्रीमदजने व पौरुषजनविरोधी औषधे अशा मोजक्या नावांमागेच भक्कम पुरावा आढळला. बहुसंख्य नावे एकट्या-दुकट्या रोग्यांच्या वृत्तांतांवर उभी होती. यादीत नाव शिरणे सोपे आणि तीतून निघणे कठीण, हा सर्वच याद्यांचा गुणधर्म ह्या यादीतही दिसतो.

परंतु पुराव्याच्या उणिवेचे दुसरे कारण अधिक खोल आहे. ऊतकांच्या अभ्यासावरून असे दिसते, की आरंभीच्या महिन्यांत स्तनातील वाढ मुख्यतः नलिकांची व मृदू असते. सुमारे वर्ष लोटल्यावर तेथे तंतुमय ऊतक दाटते. पहिल्या अवस्थेत औषध बदलले तर वाढ ओसरते. दुसऱ्या अवस्थेत ती बहुधा कायम राहते आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय उरत नाही. म्हणजे रोग्याने लवकर बोलणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे, आणि नेमके तेच घडत नाही. पॉल ऑफ एजिनाने ज्या ठपक्याचा उल्लेख केला, तो तेराशे वर्षांनीही रोग्याचे तोंड बंद ठेवतो. काही रोगी वैद्यास न विचारताच औषध सोडतात. क्षय, हृदयविकार वा मनोविकार ह्यांवरील औषध असे सोडले जाते, तेव्हा क्षुल्लक म्हणून न विचारलेल्या प्रश्नाची किंमत जीवाने मोजावी लागण्याचा संभव असतो.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. पुरुषस्तनवृद्धीने हॉर्मोन-विज्ञानास प्रमाणाचा सिद्धान्त, ॲरोमॅटेजचे कार्य, पोष ग्रंथीवरील डोपामिनाचा लगाम आणि ग्राहींची परस्परगुंतागुंत ह्यांची दृश्य प्रमाणे पुरविली. कारखान्यातील कामगार, परिवीक्षेवरील गणिती, छावणीतून परतलेला कैदी आणि शाळकरी मुलगा ह्यांच्या देहांवर ही प्रमाणे उमटली. त्यांपैकी फारच थोड्यांस त्याविषयी आधी कोणी विचारले होते. औषधाच्या इतिहासात शोधाच्या तारखेशेजारी त्या विचारण्याची वा न विचारण्याची नोंद असणे, हे पुढील अभ्यासकांचे कार्य होय.